जपानवरून आलेला जुना मिनी ट्रॅक्टर: पासिंग होते काय अन् टॅक्स किती लागते?

संत्रापट्टा_वरूड
राम राम मंडळी. आपली संत्र्याची बाग हाय, झाडं जुनी, फांद्या एकमेकाले भिडून रायल्या, मोठा ट्रॅक्टर आत घातला का दोन्ही बाजूचे फळं झडलेच समजा. फवारणीच्या ब्लोअरसाठी अन् वखरणीसाठी लहान ट्रॅक्टर पायजे. नवा मिनी पाह्यला तं बजेटच्या बाहेर जाते. मंग एक जन भेटला, त्याच्याजवळ जपानवरून आलेले जुने ट्रॅक्टर हाय, कुबोटा, यानमार, इसेकी, २२-२४ एचपीचे, फोर व्हील, मांगं रोटाव्हेटर लागूनच येते. २ लाख ६० हजार सांगून रायला, बसलो तं अजून तुटन थोडं. चालवून पाह्यला, इंजिन म्हनजे शिलाई मशीनसारखं चालते राजेहो, धूर नाही का खडखड नाही. डॅशबोर्डवर सगळं जपानीत लिवलेलं हाय, कोनतं बटन कायचं ते गडी शोधून काढन म्हनते.

आता मुद्दा असा का ट्रॅक्टरले नंबर नाही. तो म्हनते कस्टमचे पेपर देतो, आर्टीओचं तुमी तिकडं पाहून घ्या, फक्त टॅक्स भरा लागते बस. तं पासिंग होते काय, अन् टॅक्स किती बसन? कोनी केलं असन तं नीट सांगा, एजंटले इचारलं तं तो फक्त 'होऊन जाईन' म्हनते.

वखर_डवरा
कायले पासिंग करता भाऊ? वावरात चालवाचा हाय ना, वावरात कोन पायते पाटी? आमच्या गावात अर्धे ट्रॅक्टर बिना इन्शुरन्सचे हाय, ट्रॉलीचे तं कोनाचेच पेपर नाही. घेऊन टाका अन् बागेत घाला. आर्टीओवाला काय संत्र्याच्या झाडाखाली येऊन उभा रायनार हाय.

बुटीबोरी_बाप्पा
👆 हे खरं हाय पन कोनाले सांगू नोका 😀

पेपरवाला_काका
मी वाहनांच्या कागदपत्रांचंच काम करतो, गंज वर्षं झाली, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा येऊ देऊ नका.

आधी टॅक्सचा प्रश्न सोडून द्या, तो सगळ्यात शेवटचा आहे. पहिला प्रश्न हा की या ट्रॅक्टरची नोंदणी होऊ शकते का. नव्या नंबरसाठी फॉर्म २० भरावा लागतो अन् त्याच्यासोबत काय काय जोडायचं ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ मधे दिलं आहे. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा कंपनीचा फॉर्म २२, इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा. अन् गाडी बाहेर देशातून आली असेल तर कस्टम क्लिअरन्सचा दाखला, लायसन किंवा बॉण्ड असेल तर तोही. आता तुम्हीच विचारा त्या माणसाला, फॉर्म २२ कोण देणार? जपानमधली कंपनी तुमच्या वरूडच्या ट्रॅक्टरसाठी फॉर्म २२ देणार आहे का? इथंच गाडी अडते, टॅक्सच्या खिडकीपर्यंत तुम्ही पोचतच नाही.

दुसरं, त्याला नुसतं 'कस्टमचे पेपर' म्हणू देऊ नका. बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे माल बंदरात सोडवताना कस्टमला भरून दिलेल्या कागदाची कॉपी मागा अन् तिच्यावर तुमच्या ट्रॅक्टरचा चेसी नंबर अन् इंजिन नंबर आहे का तेवढंच पाहा.

अन् वखर_डवरा भाऊ, वावरात कोण पाहते हे मान्य, पण ट्रॅक्टर वावरात उडून जात नाही. घरून बागेत जायला पांदन लागते का नाही? कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कोणतीही वाट, मग ती डांबरी असो का चिखलाची. तुमची पांदन त्यात येते. बिना नोंदणीचा ट्रॅक्टर तिथं चालवला तर कलम १९२ मधे पहिल्या वेळेला २ हजार ते ५ हजार दंड, दुसऱ्यांदा ५ हजार ते १० हजार किंवा वर्षभरापर्यंत कैद. बिना इन्शुरन्सचं वेगळं, पहिल्या वेळी २ हजार अन् तीन महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. हे दंड तरी माणूस भरून टाकेल. पण कोणाचं पोरगं चाकाखाली आलं तर थर्ड पार्टी इन्शुरन्स नाही, कारण नंबर नाही म्हणून इन्शुरन्स निघालाच नव्हता, मग भरपाई ट्रॅक्टरमालकाच्या सातबाऱ्यावरूनच निघते.

वखर_डवरा
काका तुमी तं एकदम पोरगं चाकाखाली घातलं 🙏 पन बरोबर हाय. आमच्या बाजूच्या गावात ट्रॉली पलटी झाली होती, त्या मानसाचं दोन एकर गेलं.

संत्रापट्टा_वरूड
काका तुमच्या सांगन्यावरून त्याले बिल मांगतलं, त्यानं फोटो धाडला. धूसर हाय पन वाचता येते. आयात करनारी कंपनी तिसरीच कोनती तं हाय, ती अन् हा विकनारा येगळे. बंदर गुजरातमधलं. मालाच्या वर्णनात लिवलं हाय 'यूज्ड रोटरी टिलर विथ पार्ट्स' अन् समोर ८४३२ पासून सुरू होनारा आकडा. नग ३८. चेसी नंबर कुठंच नाही. हे बरोबर हाय का चूक, मले यातलं समजत नाही.

खामगावचा_पाहुणा
हे वाचून लॉगिन करावंच लागलं. मी न्हावाशेवाला क्लिअरिंग एजंटकडे कामाला होतो, आता गावी परत आलोय, पण बिल ऑफ एन्ट्री डोळे मिटून वाचता येतं अजून.

भाऊ, ८४३२ हा आकडा म्हणजे मशागतीची अवजारं. नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र असलं. ट्रॅक्टर येतो ८७०१ खाली. म्हणजे सरकारी कागदावर तुमचा ट्रॅक्टर भारतात आलेलाच नाही, आला आहे तो त्याच्या मागचा रोटाव्हेटर 😄 अन् तो पण ३८ नगांतला एक.

असं का करतात तर जुन्या गाडीच्या आयातीवर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अटी आहेत, अन् त्या बऱ्याच कडक आहेत. जुनं वाहन बनवल्याच्या तारखेपासून ३ वर्षांपेक्षा जास्त जुनं नको. स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरमधे पाहिजे, हेडलाईट डाव्या बाजूनं चालणाऱ्या रहदारीला साजेसे पाहिजेत. जहाजात चढवायच्या आधी तिकडच्या तपासणी संस्थेचा दाखला, इकडे उतरल्यावर सोडवण्याआधी परत तपासणी. ती तपासणी कुठं तर पुण्याची एआरएआय ही वाहन तपासणी संस्था, नगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, अन् शेतीयंत्रांसाठी मध्य प्रदेशात बुदनीची केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था. अन् जुनी गाडी उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. पुढं किमान ५ वर्षं रस्त्यावर चालेल याची हमी अन् सर्व्हिसची सोय पण आयात करणाऱ्यानंच द्यायची. आता तुमच्या बिलावर गुजरातचं बंदर दिसतंय, तिथंच विषय संपला.

ट्रॅक्टरला स्टिअरिंग मधोमधच असतं, त्यामुळे उजवीकडची अट वाचून आम्ही ऑफिसात हसायचो, पण बाकीच्या अटी हसण्यासारख्या नाहीत. ३ वर्षांचीच घ्या. जपानचे जे जुने ट्रॅक्टर आपल्याकडे फिरताना दिसतात त्यातले किती ३ वर्षांच्या आतले असतील? मॉडेल नंबर टाका इथं, कोणीतरी साल काढून देईल.

संत्रापट्टा_वरूड
मॉडेल तं बॉनेटवर यल १ काहीतरी हाय, पुढचं खोडल्यासारखं.

हायड्रॉलिक_मिस्त्री
खोडल्यासारखं नाही, खोडलं हाय. यल वनची ती लाईन जुनी हाय दादा, वीस-पंचवीस वर्षाच्या आत नाही पडत. मी दोन-चार असे खोलले हाय. इंजिन जपानी इंजिन हाय, त्याले नाव ठेवनार नाही मी, तेल बरोबर टाकलं तं चालत रायते. पन तुमी जे चालवून पाह्यलं ना, ते रंग मारून, तेल बदलून, आवर मीटर कमी करून देलेलं पाह्यलं. मीटरवर किती तास होते?

टायर पाह्यले काय? त्याइचे टायर भाताच्या चिखलासाठी बनवलेले असते, खोल अन् उंच दातऱ्याचे. आपल्या मुरमाड जमिनीवर अन् डांबरीवर ते घासून जाते, अन् मंग तो साईज इकडं भेटत नाही. डिफरन्शियलचं सील गेलं, क्लच प्लेट गेली तं पार्टच भेटत नाही, खराद मशीनवर बनवून आना लागते नाही तं दुसऱ्याचं मढं ट्रॅक्टर खोलून. आनखी एक, तिकडच्या ट्रॅक्टरले पीटीओचे, म्हनजे अवजार फिरवाच्या मांगच्या दांड्याचे, तीन-चार स्पीड असते. तुमच्या ब्लोअरले मिनिटाले ५४० चाच फेरा पायजे, चुकीच्या गिअरवर पीटीओ लावला का ब्लोअरचा गिअरबॉक्स जाते. बटनं जपानीत, मंग गड्यानं कोनतं लावलं कोनाले माहीत.

संत्रापट्टा_वरूड
मीटरवर ४१२ तास होते 🤦

हायड्रॉलिक_मिस्त्री
पंचवीस वर्षात ४१२ तास. जपानमधल्या मानसानं ट्रॅक्टर काय देवघरात ठेवला होता?

काटोल_नाका
धागा पयवून रायलो नाही पन याच इषयातला माझा प्रश्न हाय. मी सौंसरवरून ३९ एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला, एमपी २८ ची पाटी हाय, आरसी हाय, सगळं हाय, आमच्या सोयऱ्याचाच होता. इकडं तसाच चालवून रायलो. याले टॅक्स लागते काय का असाच चालते?

पेपरवाला_काका
तुमचं काम सोपं आहे, पण असंच चालत नाही. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर इकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर इकडचा नंबर घ्यावाच लागतो, कलम ४७. त्याच्यासाठी पहिले तिकडच्या आर्टीओची एनओसी, फॉर्म २८. ती सोयऱ्याच्या नावानं निघेल, म्हणून त्याला सोबत न्या, फोनवर होत नाही. मग नावावर करायला फॉर्म २९ अन् ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. आरसी मूळ, इन्शुरन्स चालू असलेला, पीयूसी, अन् चेसी नंबरचा पेन्सिल प्रिंट. चेसीवर गंज चढला असेल तर पॉलिश पेपरनं हळू घासा, आकडा घासला गेला तर दुसरीच भानगड होते.

ट्रॅक्टरवर कधी कर्ज होतं का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहा. हायपोथिकेशन दिसत असेल तर बँकेचं पत्र अन् फॉर्म ३५ आधी आणा. बँकेचे पैसे फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही, लोक वर्षानुवर्षं तसेच फिरतात अन् विकायच्या वेळी धावाधाव करतात.

आता टॅक्स. हा दोघांसाठीही लिहितो. केंद्राच्या नियमात शेतीचा ट्रॅक्टर हे नॉन ट्रान्सपोर्ट वाहन आहे, म्हणून आरसी १५ वर्षांची असते अन् नंतर ५-५ वर्षांनी वाढवायची. अन् नुसता शेतीसाठी वापर असेल तर आपल्या राज्यात रोड टॅक्स माफ आहे. म्हणूनच अर्जासोबत सातबारा जोडायला सांगतात. पण नीट वाचा, माफी वापराला आहे, यंत्राला नाही. ट्रॅक्टर शेतीचा म्हणून नोंदवला अन् भाड्यानं विटा, गिट्टी, मुरूम वाहायला लावला तर ती माफी राहत नाही, अन् अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पहिले तेच काढते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, ट्रॉलीचा इन्शुरन्स वेगळा. ट्रॅक्टरचा उतरवला म्हणजे ट्रॉलीचा उतरला असं नसते. अन् ट्रॉलीत बसून निंदायला जाणाऱ्या बाया त्या पॉलिसीत येत नाहीत, हे पण सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे सकाळी हेच चालते.

काटोल_नाका
बापरे. सोयऱ्याले उद्याच फोन लावतो. त्याच्याजवळून घेतला तेव्हा त्यानं म्हनलं होतं पेपर एकदम क्लिअर.

वखर_डवरा
सोयरे असेच म्हनते 😂 आमचा जावई बी असाच म्हनला होता

सेलूची_ताई
संत्रापट्टा दादा, तुमी नव्याचं बजेटच्या बाहेर म्हणता ते कधीचं कोटेशन आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. ६ लाख मूळ किंमत धरली तर पहिले ७२ हजार टॅक्स बसत होता, आता ३० हजार. टायर अन् पार्टवरचा पण १८ चा ५ झाला. जुनं कोटेशन असेल तर फाडून टाका अन् नवीन मागा, अन् शोरूमवाल्याला सरळ विचारा की मूळ किंमत वाढवून तर नाही ना ठेवली.

दुसरं म्हणजे महाडीबीटी, सरकारी अनुदानाचं पोर्टल. ट्रॅक्टरला महिला, अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला सव्वा लाखापर्यंत अनुदान आहे, बाकीच्यांना एक लाखापर्यंत. मी स्वतःच्या नावानं भरला होता, सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून. आता लॉटरी नाही, ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. शेतकरी आयडी काढलेला पाहिजे. अन् हे ध्यानात ठेवा, पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी ट्रॅक्टर उचलला तर एक रुपया मिळत नाही. आमच्याकडच्या एका जणानं दसऱ्याचा मुहूर्त साधला, पूजा केली, पेढे वाटले, अन् अनुदान गेलं. जुन्या ट्रॅक्टरला तर अनुदान नाहीच.

२ लाख ६० हजार देऊन बिना पाटीचा घेता, त्याच्यावर कर्ज पण मिळणार नाही, उद्या विकायचा म्हटला तर घेणारा पण तुमच्यासारखाच शोधा लागेल. वहिनींच्या नावानं थोडी जमीन असेल तर त्यांच्या नावानं अर्ज टाका.

बुटीबोरी_बाप्पा
ताई वहिनीच्या नावानं ट्रॅक्टर घेतला तं चाबी बी वहिनीजवळच रायते, हे बी सांगा ना

सेलूची_ताई
मग काय बिघडलं? माझ्याजवळच असते.

संत्रापट्टा_वरूड
ताई, बाईच्या नावानं एक एकर हाय, वडिलाइनं देलं होतं. हे डोक्यातच नव्हतं आलं. पन पूर्वसंमती येईपर्यंत संत्र्याचा आंबिया बहार निघून जाईन, तोपर्यंत फवारनी भाड्यानं करा लागन.

त्या मानसाले काल फोन केला. म्हनलं बिलावर चेसी नंबर नाही, ८४३२ लिवलं हाय, हे तं ट्रॅक्टरचं बिलच नाही. तो पहिले म्हनला तुमाले कोन शिकवते हे सगळं. मंग म्हनला शंभराच्या स्टँपवर नोटरी करून देतो, का हा ट्रॅक्टर माझा होता अन् आता तुमचा हाय. मंग भाव २ लाखावर आनला. मंग म्हनला एका ओळखीच्या मानसाकडून भंगारातल्या ट्रॅक्टरची आरसी लावून देतो, तोच नंबर याच्या चेसीवर टाकून देऊ, कोनाले समजत नाही.

पेपरवाला_काका
तिथंच थांबा. फोन ठेवून द्या, परत उचलू नका. आतापर्यंत फक्त पासिंग होत नव्हतं. दुसऱ्याचा चेसी नंबर ठोकून घेतला तर तो सरळ गुन्हा आहे, अन् पोलिस येतात तेव्हा ट्रॅक्टर ज्याच्या गोठ्यात उभा असतो त्याच्याकडे येतात, विकणाऱ्याकडे नाही. अन् नोटरीनं मालकी झाली तरी नोंदणी होत नाही. त्या स्टँपचा उपयोग आर्टीओत शून्य.

खामगावचा_पाहुणा
सहमत. अन् भाव २ लाख ६० वरून २ लाखावर एका फोनमधे आला यावरून त्याला तो कितीत पडला असेल ते पाहा. कंटेनरमधे किलोच्या भावानं येतं हे.

वखर_डवरा
मी सुरवातीले घेऊन टाका म्हनलं होतं, आता म्हनतो घेऊ नोका 😅 पन संत्रापट्टा भाऊ, तुमाले बागेतच चालवाचा हाय तं जुना पन आपल्याच इकडचा नंबरवाला मिनी काऊन नाही पाहत? मोर्शीच्या बाजारात लोकं विकाले आनते. आमच्या ओळखीत एकाजवळ २०१८ चा मिनी हाय, एमएच २७ पाटी, एकहाती. बँकेचं कर्ज होतं पन फिटलं म्हनते.

हायड्रॉलिक_मिस्त्री
रुंदी मोजून घ्या पहिले. बागेत फांदी किती खाली आली अन् दोन ओळीत जागा किती उरली ते टेप लावून पाहा, मंग ट्रॅक्टर पाहाले जा. लोकं एचपी पायते अन् रुंदी पाहत नाही. पुढचा एक्सल हलवून पाहा, किंगपिनचा खेळ समजते. अन् इंजिन थंड असताना चालू कराले सांगा, गरम करून ठेवलं असन तं समजून घ्या.

संत्रापट्टा_वरूड
वखर भाऊ नंबर धाडा त्या मानसाचा मेसेजमधे. ओळीत जागा साडेचार फुटाच्या वर नाही उरत काही ठिकानी, मोजलं आज.

पेपरवाला_काका
२०१८ चा आहे म्हणजे एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी लावली आहे का ते विचारा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लावायची आहे, ट्रॅक्टरला ४५० रुपये अधिक जीएसटी. नसेल तर विकणाऱ्यालाच लावायला सांगा, कारण ती मालकाच्या मोबाईल नंबरवरून बुक होते. 'कर्ज फिटलं म्हनते' यावर जाऊ नका, ॲपवर बोजा दिसतो का पाहा. दिसला तर फॉर्म ३५ त्यानं बँकेतून आणल्याशिवाय टोकन देऊ नका. नाव राज्यातल्या राज्यातच बदलायचं आहे, एनओसीची कटकट नाही, १४ दिवसांत विकणाऱ्यानं आर्टीओला कळवायचं असते अन् तुम्हाला ३० दिवसांत अर्ज करायचा असते. सातबारा सोबत ठेवा.

संत्रापट्टा_वरूड
टाकला ॲपवर. बोजा दिसून रायला, बँकेचं नाव बी हाय. वखर भाऊ, त्याले सांगा पहिले बँकेत जा म्हना, मंग मी येतो टेप घेऊन.

वखर_डवरा
सांगतो. तो बी माझा सोयराच हाय 😐